सायकलचा डिस्क ब्रेक दाबल्यावर सुटत नाही? आधी वायर बघा

ब्रेक दाबला, सोडला, आणि चाक मोकळं व्हायचं नावच घेत नाही. पावसाळ्यात आणि पावसाळा संपता संपता ही तक्रार फार ऐकू येते आणि त्यावर बहुतेकांचा पहिला उपाय ठरलेला असतो, वायर ढिली करून टाकायची. चाक फिरायला लागतं हे खरंय, पण मग लिव्हर पार हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागतो. सपाट रस्त्यावर एकवेळ ते चालून जाईल, पण सिंहगडावरून किंवा ताम्हिणीतून उतरताना असा ब्रेक घेऊन जाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय. अडकणारा ब्रेक ढिला करून "बरा" होत नसतो, तो नेमका कुठे अडकतोय ते शोधावं लागतं, आणि ते घरी शोधता येतं.

आधी एक खात्री करून घ्या. हे सगळं वायरवाल्या म्हणजे मेकॅनिकल डिस्क ब्रेकबद्दल आहे. लिव्हरपासून निघालेली केबल चाकापाशी कॅलिपरला (ज्यातले दोन पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबतात तो भाग) जाते, तिथे उघडी स्टीलची वायर दिसते का आणि ती एका छोट्या आर्मला, म्हणजे फिरणाऱ्या दांडीला, बोल्टनं पकडलेली आहे का ते बघा. तसं असेल तर पुढे वाचा. वायर न दिसता नुसता काळा पाइप कॅलिपरच्या आत जात असेल तर तो ऑइलवाला हायड्रॉलिक ब्रेक, त्याचं शास्त्र वेगळं, त्याला यातलं बरंचसं लागू होणार नाही.

दुसरं, घासणं आणि अडकणं यात गल्लत करू नका. चाक फिरताना दर फेरीला एकाच जागी "खर्र" असा आवाज येतो, पण चाक फिरत राहतं, ते घासणं, आणि तिथे बहुतेक वेळा डिस्क वाकडी असते. आवाज सलग येतो, लिव्हर न दाबताही येतो, तर कॅलिपर बाजूला सरकलाय किंवा पॅड फार जवळ आहे. आणि लिव्हर दाबायच्या आधी चाक मोकळं होतं, दाबून सोडल्यावर मात्र धरून ठेवतंय किंवा हळूहळू सुटतंय, तर ते अडकणं. या लेखात मुख्यतः तिसऱ्याबद्दल आहे, पहिल्या दोघांकडे जाता जाता बघू.

आत काय चालतं

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं अर्धं काम आपोआप कळतं. तुम्ही लिव्हर दाबता, वायर ओढली जाते, वायर कॅलिपरचा आर्म फिरवते. आर्मच्या खाली कॅलिपरच्या पोटात उतारासारख्या खाचा असतात आणि त्यात छोट्या गोळ्या, म्हणजे बॉल. आर्म फिरला की बॉल त्या उतारावर चढतात आणि पिस्टन पुढे ढकलतात, पिस्टन पॅडला ढकलतो, पॅड डिस्कवर दाबला जातो. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींवर, म्हणजे शिमानो टीएक्स८०५ किंवा टेक्ट्रो एम२८० वगैरे असलेल्या, फक्त बाहेरच्या बाजूचा पॅड हलतो. स्पोकच्या बाजूचा पॅड जागेवर स्थिर असतो आणि ब्रेक लागताना डिस्कच जराशी वाकून त्याला जाऊन टेकते. टीआरपी स्पायरसारख्या काही कॅलिपरमध्ये दोन्ही पॅड हलतात, पण ते महाग आणि कमी दिसतात.

आता महत्त्वाचं. ब्रेक लावायला तुमच्या बोटांची सगळी ताकद असते, पण ब्रेक सुटायला ताकद फक्त एका स्प्रिंगची, आर्मवरच्या त्या छोट्या स्प्रिंगची. लिव्हरमध्ये एखादी स्प्रिंग असली तरी ती अगदी हलकी. त्यामुळे वायरमध्ये गंज असो, आर्ममध्ये चिखल असो, जाताना तुम्हाला काही जाणवत नाही कारण बोटं जोर लावून सगळं ओढून नेतात, आणि येताना मात्र बिचाऱ्या स्प्रिंगचा जोर कमी पडतो. अडकणं हे जवळपास नेहमी परतीच्या वाटेवर असतं. म्हणून शोधायचं काय, तर परतीच्या वाटेत कोण आडवं येतंय.

हत्यारं

फार काही लागत नाही. ४, ५ आणि शक्यतो २, २.५, ३ नंबरच्या अ‍ॅलन की, डिस्कच्या बोल्टसाठी टी२५ (चांदणीसारख्या टोकाची की), एक चांगला केबल कटर (पक्कड नको, ती वायर चेचते आणि टोकाच्या तारा फाकतात), जुना टूथब्रश, स्वच्छ सुती फडकं, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, थोडं ग्रीस, शिलाई मशीनचं पातळ तेल, एक दाभण, आणि उजेड. उजेड खरंच महत्त्वाचा, कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरून मोबाइलचा टॉर्च मारला की पॅड आणि डिस्कमधली फट स्वच्छ दिसते. सॅनिटायझरनं डिस्क पुसू नका, बऱ्याच सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर डिस्कवर राहतो.

आणि दोन गोष्टी काळजीच्या. चाक फिरत असताना डिस्कजवळ बोट न्यायचं नाही, त्यातल्या भोकांत बोट गेलं तर तुकडा पडतो, लहान मुलं जवळ असतील तर त्यांना आधी लांब करा. दुसरं, नुकताच घाट उतरून आला असाल तर डिस्क थंड होऊ द्या, चटका फार वाईट बसतो.

पाच मिनिटांची तपासणी

काहीही खोलायच्या आधी सायकल दोन्ही चाकांवर जमिनीवर उभी करा, क्विक रिलीज (चाक सोडवायचा एक्सलवरचा खटका) उघडा, सायकलचं वजन चाकावर येऊ द्या, एक्सल खाचेत पूर्ण वरपर्यंत बसला की क्विक रिलीज परत घट्ट लावा. पंक्चर काढताना चाक काढून घाईत बसवलेलं असतं, ते तिरकं बसतं, डिस्क पॅडला टेकते आणि लोक कॅलिपर खोलत बसतात. मग चाक वरून धरून डावीउजवीकडे हलवून बघा. खटखट लागलं तर हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) बेअरिंग किंवा त्यांना धरणारे कोन नट ढिले आहेत, ते नीट झाल्याशिवाय ब्रेक कधीच सरळ होणार नाही.

हे दोन्ही ठीक असेल तर आता खरी परीक्षा. चाक उचला, फिरवा, ब्रेक दाबा, सोडा, आणि सोडताना डोळे कॅलिपरच्या आर्मवर ठेवा, चाकावर नाही. आर्म झटकन पूर्ण मागे आला आणि तरी चाक धरून बसलंय तर भानगड पॅडमध्ये किंवा कॅलिपरच्या जागेत आहे. आर्म अर्ध्यातच थांबला किंवा आळसावल्यासारखा मागे आला तर तो आर्म बोटानं मागे ढकलून बघा. ढकलल्यावर मागे गेला, चाक सुटलं, म्हणजे स्प्रिंगला ते ओझं झेपत नाहीये.

आता ते ओझं वायरचं की आर्मचं? वायर पकडणारा बोल्ट ५ नंबरच्या अ‍ॅलन कीनं ढिला करा (काही मॉडेलला ४ लागते), वायर आर्मपासून मोकळी करा. वायर जिथे पकडली होती तिथे आधी मार्करनं खूण करून ठेवा. आता नुसता आर्म बोटानं फिरवा आणि सोडा. टक् आवाज करत जागेवर आला, दहादा केलं तरी दहादा आला, तर कॅलिपर निर्दोष, दोष वायरचा किंवा लिव्हरचा. आर्म तरीही लोळत आला तर कॅलिपर उघडायचा. आता वायरचं मोकळं टोक बोटांत हलकं ताणून धरा आणि दुसऱ्या हातानं लिव्हर दाबा-सोडा, वायर गुळगुळीत सरकते का खरखरते ते बोटाला लगेच कळतं. एवढ्या दोन मिनिटांच्या कामामुळे उगाच नवीन पॅड, नवीन कॅलिपर असा खर्च वाचतो. दुकानात गेलात तरी "वायर सोडून आर्म एकदा हातानं फिरवून बघा ना" एवढं सांगा.

वायर आणि आउटर

माझ्या मते सुटत नसलेल्या ब्रेकमध्ये सगळ्यात आधी संशय वायरवरच घ्यावा, विशेषतः मागच्या ब्रेकच्या, कारण ती हँडलपासून मागच्या चाकापर्यंत लांबलचक जाते, चार वळणं घेते आणि तिचं शेवटचं टोक मागच्या चाकाच्या चिखलात असतं. पाणी आउटरमध्ये, म्हणजे वायरवरच्या जाड आवरणात, शिरतं आणि सगळ्यात खालच्या वळणात जाऊन बसतं, बहुतेक सायकलींवर ते वळण कॅलिपरच्या अगदी आधी येतं. तिथे गंज चढतो. कोकणात आणि मुंबईच्या किनाऱ्याला खारी हवा असल्यामुळे हे अजून लवकर होतं, आणि लाल मातीचा बारीक चिखल आत वाळला की आउटरच्या नळीत पॉलिश पेपरसारखं काम करतो.

बघायचं कसं ते सांगतो. वायर आर्मपासून मोकळी केलीच आहे, टोकाची छोटी टोपी कापून काढा. लिव्हरवरच्या बॅरल अ‍ॅडजस्टरला (वायर लिव्हरमध्ये शिरते तिथली फिरवायची गोल गुंडी) आणि तिच्या रिंगला एकेक चीर असते, त्या दोन्ही चिरा आणि लिव्हरच्या बॉडीची चीर एका रेषेत आणल्या की वायर बाजूनं बाहेर निघते आणि तिचं डोकं लिव्हरच्या खाचेतून सुटतं. मग अख्खी वायर आउटरमधून ओढून काढा. फडक्यातून ओढा. बोटं न लावता फडकंच वापरा, एखादी तुटकी तार असली तर ती बोटात घुसते आणि फडक्यात अडकून जागाही दाखवते.

वायरवर तांबूस डाग असतील, कुठे घडी पडली असेल, एखादी जरी तार तुटली असेल तर ती वायर परत वापरू नका. ब्रेकच्या वायरवर काटकसर करायची नसते, ती सायकलवरच्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक आहे आणि तुमचा जीव तिच्यावर असतो. घेताना साध्या गॅल्व्हनाइज्डपेक्षा स्टेनलेस घ्या, पावसात ती जास्त टिकते. सरळ हँडलच्या सायकलला वायरचं डोकं आडव्या ढोलासारखं असतं आणि रोड बाइकच्या वाकड्या हँडलला नासपतीच्या (पेअर फळाच्या) आकाराचं, ते बघून घ्या.

वायर चांगली निघाली तर दोष आउटरमध्ये असू शकतो. आउटर वाकवून बघा, कुठे "कडक" लागतं का, वरचं प्लास्टिक फाटलंय का, टोकाच्या टोप्या पिचल्यात का. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट, ब्रेकचा आउटर ५ मिलिमीटर जाड असतो आणि त्याच्या आत तार गोल गोल वेटोळ्यात असते, गिअरचा आउटर बहुधा ४ मिलिमीटरचा आणि आत तारा सरळ लांबीच्या असतात. ब्रेकचा आउटर संपला म्हणून कुणी गिअरचा लावून देत असेल तर अजिबात लावून घेऊ नका. ब्रेकच्या जोरानं त्या सरळ तारा प्लास्टिक फाडून बाहेर येतात आणि ब्रेक त्या क्षणी जातो.

नवीन आउटर कापताना जुन्याएवढाच कापा, पण आधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा की जुना मुळातच आखूड नव्हता. वळण मोठं आणि सैल हवं, पण इतकंही लांब नको की लोंबेल. कापल्यावर टोक चेपलेलं असतं, ते कानशीनं सपाट करा, मग आतली प्लास्टिकची नळी दाभणानं गोल उघडा. ही पायरी फार जण गाळतात आणि मग नवीन वायर, नवीन आउटर टाकूनही ब्रेक खरखरतो. टोकाला टोपी बसवायला विसरू नका. कॅलिपरच्या आधीचं वळण शक्य असेल तर असं ठेवा की आउटरवरून ओघळणारं पाणी वळणाच्या तळाशी खाली टपकेल, टोकापर्यंत जाणार नाही. उघड्या वायरवर रबरी टोपण असेल तर ते परत चढवा, मेकॅनिक बऱ्याचदा ते फेकून देतात.

तेलाचं म्हणाल तर आतली प्लास्टिक नळी चांगली असेल तर वायरवर नुसत्या बोटानं पुसल्याइतकं पातळ तेल किंवा ग्रीस पुरे. घरातलं खोबरेल कृपा करून घालू नका, ते साधारण २४ अंशांखाली थिजायला लागतं, म्हणजे डिसेंबरच्या सकाळी तुमचा ब्रेक हमखास जड होणार. गोडं तेलही चिकट होऊन बसतं.

लिव्हर राहिलाच. सायकल कधी आडवी पडली असेल तर लिव्हर वाकून त्याची बिजागरी घट्ट होते, वायर नसताना तो स्वतःच्या वजनानं झुलायला हवा. घट्ट असेल तर बिजागरीचा स्क्रू किंचित ढिला, एक थेंब तेल. वाकला असेल तर बदला, अ‍ॅल्युमिनियम सरळ करताना तडकतं.

आर्म लोळत येत असेल तर कॅलिपर

इथे हात घालायच्या आधी पॅड बाहेर काढा आणि चाकही काढा. कारण कॅलिपरवर मारलेला तेलाचा किंवा गंज सोडवणारा स्प्रे डिस्कवर आणि पॅडवर उडतो, आणि पॅडनं एकदा तेल प्यायलं की तो ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही. बरीच माणसं अडकलेला ब्रेक स्प्रे मारून "सोडवतात" आणि थांबणारा ब्रेक गमावून बसतात. पॅड आणि चाक लांब ठेवूनच.

आधी बाहेरून बघा. आर्मच्या मागे आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यात वाळलेला चिखल असतो, तो टूथब्रश आणि साबणाच्या पाण्यानं काढा. स्प्रिंगचं टोक आपल्या खाचेत किंवा खुंटीवर बसलंय का बघा, ते निसटलेलं असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आर्मच्या बुडाशी पातळ तेलाचा एकच थेंब, आर्म पन्नासेकदा मागेपुढे, वर आलेला काळा मळ पुसून काढा. साधं साचलेलं घाण असेल तर एवढ्यानंच आर्म टकटक परत यायला लागतो.

नाही आला तर आतलं ग्रीस वाळून चिकट झालंय किंवा पाणी गेलंय. मग कॅलिपर सायकलवरून काढा, स्वच्छ ट्रेमध्ये ठेवा आणि खोलताना प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. आर्म आणि बॉडीवर मार्करची एक सरळ रेघ मारा, आर्म परत त्याच जागी बसायला पाहिजे, एक दाता जरी इकडेतिकडे झाला तरी सगळं मोजमाप बदलतं. मधला बोल्ट काढला की आर्म, स्प्रिंग, वायसर, सील आणि मग बॉलची चकती अशा क्रमानं बाहेर येतं, मॉडेलप्रमाणे थोडाफार फरक. चकतीची कोणती बाजू वर होती ते फोटोत आलंच पाहिजे. सगळं डीग्रीजरनं धुवा, कोरडं करा, बॉल गंजून खडबडीत झालेत का आणि खाचांमध्ये खड्डे पडलेत का ते बघा. ठीक असेल तर पाण्याला टिकणारं चांगलं ग्रीस बॉलला आणि खाचांना लावा, बेताचं लावा, जास्तीचं ग्रीस गरम होऊन पॅडकडे येतं. परत जोडा, आर्म फिरवून बघा.

खाचांमध्ये खड्डे असतील किंवा स्प्रिंगमध्ये दमच उरला नसेल तर त्या कॅलिपरवर वेळ घालवू नका. स्वस्त कॅलिपरचे सुटे भाग सहसा मिळत नाहीत, अख्खा नवीन घेणं सोपं पडतं. घेताना सरळ हँडलचा की रोड बाइकचा हे नीट सांगा, दोन्हींच्या लिव्हरची वायर ओढण्याची लांबी वेगळी असते आणि चुकीची जोडी लावली तर ब्रेक नीट लागतच नाही.

पॅड, आणि बॅरल अ‍ॅडजस्टरचा गैरवापर

आर्म मस्त येतोय पण पॅड मागे येत नाही, असंही होतं. पॅडच्या मागच्या पत्र्याच्या कडा आणि कॅलिपरची खाच यात मळ बसलेला असतो. पिन सरळ करून किंवा स्क्रू काढून पॅड बाहेर घ्या, मधली पातळ पत्र्याची स्प्रिंग वाकलीय का, तिचा पाय डिस्कला लागतोय का बघा. खाच ब्रशनं साफ करा, तेल नाही, नुसतं अल्कोहोल. पॅडचं मटेरिअल ०.५ मिलिमीटरवर आलं की शिमानोच्या हिशेबानं तो संपला, मी म्हणेन त्याआधीच बदला, कारण त्या जाडीला स्प्रिंग डिस्कवर घासायला लागते.

आता तो गैरवापर. पॅड झिजले की लिव्हर खोल जातो, मग लोक बॅरल अ‍ॅडजस्टर बाहेर फिरवून वायर ताणतात. परत झिजले, परत ताणली. असं करता करता आर्म न दाबताही अर्धा ओढलेला राहतो. मग काय होतं, पूर्ण मागे यायला त्याला जागाच नसते, पॅड कायम डिस्कला चिकटून राहतो, वर ब्रेकचा जोरही कमी होतो कारण आर्मची उरलेली फिरण्याची जागा संपते. झीज भरून काढायची ती पॅड पुढे आणून, वायर ताणून नाही. आर्मनं विश्रांतीत पार मागे असलं पाहिजे, बॅरल अ‍ॅडजस्टर फक्त शेवटच्या अर्ध्या-पाऊण फेरीच्या बारीक फरकासाठी.

परत जुळवणी

वायर, आर्म, पॅड सगळं साफ झालं की जुळवणी सुरुवातीपासून करा, मधूनच एखादा स्क्रू फिरवत बसलात की तासभर जाईल. सायकल जमिनीवर, चाक नीट बसवलेलं.

१. लिव्हरवरचा आणि कॅलिपरवर असेल तर तोही बॅरल अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवा, मग एक फेरी बाहेर घ्या. वायर अजून जोडू नका.

२. कॅलिपरचे फ्रेमला किंवा फोर्कला धरणारे दोन बोल्ट (५ नंबर) इतके ढिले करा की कॅलिपर हातानं बाजूला सरकेल.

३. स्पोकच्या बाजूचा स्थिर पॅड त्याच्या स्क्रूनं किंवा गुंडीनं आत आणा, बहुतेक कॅलिपरवर घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की पॅड डिस्ककडे येतो. की स्पोकमधून घालावी लागते. एव्हिड बीबी७ला दोन्ही बाजूंना हातानं फिरणाऱ्या लाल गुंड्या आहेत, तिथे की लागत नाही.

४. आर्म पूर्ण मागे असताना वायर हातानं सरळ ताणून बोल्ट आवळा. पक्कडीनं ओढून ताणू नका, आर्म जागचा हलता कामा नये.

५. आता लिव्हर घट्ट दाबा आणि रबर बँडनं हँडलला बांधून ठेवा. पॅडनं डिस्क धरली की कॅलिपर स्वतःहून सरळ होतो. तसाच दाबलेला असताना दोन्ही बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा, एकच बोल्ट एकदम आवळलात तर कॅलिपर फिरतो. टॉर्क रेंच असेल तर ६ ते ८ न्यूटन मीटर.

६. लिव्हर सोडा, स्थिर पॅड हळूहळू मागे घ्या, चाक फिरवत राहा, आवाज थांबला तिथे थांबा. फट अगदी कागदाएवढी हवी. ही फट जास्त ठेवलीत तर प्रत्येक ब्रेकला डिस्क जास्त वाकते आणि लिव्हर स्पंजासारखा लागतो.

७. हलणाऱ्या पॅडचं अंतर त्याच्या स्वतःच्या गुंडीनं, नसेल तर बॅरल अ‍ॅडजस्टरनं बारीक जुळवा.

रबर बँडच्या पायरीनं कॅलिपर सरळ झाला नाही तर जुनी व्हिजिटिंग कार्डं कामाला येतात. डिस्क आणि पॅडच्या मध्ये दोन्ही बाजूंना एकेक कार्ड सरकवा, कॅलिपर त्यांच्यावर बसवा, बोल्ट आवळा, कार्डं ओढून घ्या. कार्डं कोरी आणि स्वच्छ हवीत, हाताचं तेल लागलेली नकोत.

लिव्हर सोडल्यावर आर्म पूर्ण मागे येतोय, फट दिसतेय, तरी एकाच जागी खर्र होतंय, तर डिस्कचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा. चाक सावकाश फिरवून मागच्या पांढऱ्या कागदावर फट कुठे बंद होते ते बघा, तिथे मार्करनं डिस्कच्या आतल्या पायावर खूण करा, पॅड लागतो त्या पट्ट्यावर नको. स्वच्छ जबड्याच्या अ‍ॅडजस्टेबल पान्यानं किंवा डिस्कच्या टूलनं उलट्या दिशेला अगदी नाममात्र दाबा, फिरवून बघा, परत दाबा. घाई केली की डिस्क एका जागी सरळ आणि दोन जागी वाकडी होते. त्याआधी टी२५चे सहाही बोल्ट घट्ट आहेत का बघा, ढिली डिस्क वाकड्या डिस्कसारखीच वागते. जाडीही मोजा, शिमानोची नवी डिस्क १.८ मिलिमीटर असते आणि १.५ला बदलायची. लांब उतारावर डिस्क तापून तात्पुरती वाकते आणि थोडी घासते, थंड झाल्यावर सरळ होत असेल तर तिला हात लावू नका.

पावसाळ्यात

ब्रेक परत अडकू नये म्हणून फार काही करावं लागत नाही. भिजून आलात की साध्या पाण्यानं चिखल उतरवा, कॅलिपरवर वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा पाइप मारू नका, त्या जोरानं पाणी सीलमधून थेट बॉलपर्यंत जातं. सायकल उभी करून ठेवण्याआधी लिव्हर दहा-पंधरा वेळा दाबा, आउटरमधलं पाणी थोडं निघतं. चेनला तेल घालताना मागच्या डिस्कवर फडकं टाका, स्प्रे वापरू नका. आणि सायकल महिनाभर पडून राहणार असेल तर अधूनमधून नुसते लिव्हर दाबत जा. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खर्र आवाज आला आणि मग बंद झाला तर ती रात्रीची ओल आहे, काळजीचं कारण नाही.

रस्त्यावर नेण्याआधी सायकलशेजारी उभं राहून लिव्हर पूर्ण ताकदीनं दहा वेळा दाबा. त्याआधी वायरवर बोल्टपाशी मार्करनं नवी खूण करा, म्हणजे वायर बोल्टमधून सरकली का ते कळेल. प्रत्येक वेळी आर्म पार मागे यायला हवा. मग रिकाम्या सपाट रस्त्यावर मध्यम वेगात जाऊन हळूहळू ब्रेक लावत जवळपास थांबा, असं पंधरा-वीसदा करा, नवे पॅड असतील तर हे केल्याशिवाय त्यांना पकडच येत नाही. चाक लॉक करू नका. आर्म एकदाही अर्ध्यात थांबला तर घाट दुसऱ्या दिवशी, आधी परत वायर काढून बघा. नवी वायर आणि आउटर पहिल्या राइडमध्ये थोडे बसतात, लिव्हर जरा सैल वाटेल, तेव्हा बॅरल अ‍ॅडजस्टर अर्धी फेरी बाहेर घ्या आणि आर्म अजून पूर्ण मागे येतोय ना ते बघून लॉक रिंग आवळा.